रिकाम्या पुंगळीचे पितळ

बार उडाल्यानंतर काडतुसातील दारू जळून जाते आणि गोळी निघून जाते. मागे उरते ती पितळी पुंगळी, आणि भंगाराच्या बाजारात मोल असते ते तिलाच. हे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचा मिश्रधातू असून, त्याची चकती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून न फाटता लांब नळी करता येते, म्हणूनच तो या कामासाठी निवडला जातो.

थंड स्थितीत ओढलेल्या अशा धातूत मात्र ताण कोंडून राहतो, आणि त्याचा उपद्रव ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानात ठळकपणे जाणवला. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई, आणि उघाडीनंतर पाहावे तर न वापरलेल्या अनेक काडतुसांना, विशेषतः पुंगळी गोळीभोवती आवळलेली असते त्या ठिकाणी, भेगा गेलेल्या असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि धातूतील ताण यांच्या संयोगाने पितळ तडकते, हा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये केला. सगळा दोष तबेल्यावर ढकलणे सोपे होते. पण मंद आचेवर तापवून ताण आधीच उतरवला असता, तर तीच काडतुसे तेथेही बरीच टिकली असती.

पुंगळी पुन्हा भरून वापरण्याची मर्यादाही येथेच दिसते. प्रत्येक बाराला ती फुगते, पुन्हा साच्यात दाबली जाते, कडक होत जाते आणि अखेर तोंडाशी चिरते; त्यामुळे वरची चकाकी पाहून तिची पारख करता येत नाही. चिरलेली पुंगळी मोडीतच जावी. वितळवतानाही जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने त्याचा काही अंश पांढरा धूर होऊन उडतो, ओताऱ्याला तेवढे जस्त वरून घालावे लागते, आणि तो धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो.

छर्ऱ्याच्या काडतुसात पितळ नावापुरतेच: नळी बहुधा प्लास्टिकची आणि बूड पुष्कळदा पितळी मुलाम्याचे पोलाद, जे लोहचुंबकाला लगेच चिकटते.

भंगारात एखादे न उडालेले काडतूस आले, तर भट्टीत त्याचा स्फोट होतो; म्हणून असे काडतूस सापडल्यास ते ठोकू नये, तापवू नये, जागचे हलवू नये आणि पोलिसांना कळवावे.