दार नेमके कोठे बंद आहे?
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



समजा, आपल्यापैकी एखाद्याच्या मुलाने शाळेच्या संगणकावर वेब सर्व्हर उभा केला आणि त्यावर धड्यांची टिपणे ठेवली. शाळेत ती पाने उत्तम उघडतात. पण जिला शिकवणीची फी परवडत नाही, त्या मुलीच्या मोबाईलवर घरी काहीच दिसत नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सल्ला देतो, "फायरवॉल बंद करून टाका!" मित्रांनो, हा सल्ला मानू नका. किल्ली सापडत नाही म्हणून कोणी घराची भिंत पाडत नाही. दार नेमके कोठे बंद आहे, ते आधी शोधावे.

हा शोध आतून बाहेर घ्यावा. प्रथम त्याच संगणकावर १२७.०.०.१ हा पत्ता उघडा. हा यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता आहे. येथे पान दिसते, पण शेजारच्या संगणकावर दिसत नाही, असे झाले तर दोन शक्यता असतात. एक तर सर्व्हर फक्त त्याच पत्त्यावर कान देऊन बसला आहे, किंवा यंत्राचीच फायरवॉल आडवी येत आहे. तेथे हवे तेवढेच पोर्ट उघडावे: साध्या पानांसाठी ८०, सुरक्षित पानांसाठी ४४३.

त्यापुढचे दार राऊटरचे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. बाहेरच्या जगातून तेथे कोणी पोहोचू शकत नाही. म्हणून "४४३ वर येणारी मागणी या यंत्राकडे पाठव," असे राऊटरला सांगून ठेवावे लागते. मात्र राऊटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसविले आहे, असे समजावे. मग राऊटरवर कितीही खटपट केली तरी व्यर्थ. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

प्रॉक्सीबाबत पुष्कळांचा घोटाळा होतो. शाळेतील मुले ज्या प्रॉक्सीतून बाहेर जातात, ती बाहेरच्यांना आत आणीत नाही. त्या कामासाठी सर्व्हरच्या पुढे उभी राहणारी 'रिव्हर्स प्रॉक्सी' वेगळी असते.

डॉक्टर नाडी पाहतो, तशी लक्षणे पाहावीत. ताबडतोब नकार आला, तर बहुधा यंत्र सापडले आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. बराच वेळ वाट पाहूनही उत्तर नाही, तर बहुधा वाटेतील फायरवॉलने मागणी मुकाट्याने टाकून दिली आहे. ५०२ हा आकडा दिसला, तर प्रॉक्सीपर्यंत वाट मोकळी आहे. तिला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळालेले नाही. ५०४ म्हणजे ते उत्तर वेळेत आले नाही.

बाहेरची परीक्षा बाहेरूनच घ्यावी. शाळेच्या वायफायवरून घेतलेली चाचणी फसवी ठरू शकते. मोबाईलचे स्वतःचे इंटरनेट वापरा. त्याच क्षणी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, पाहा. तीत नवी ओळ उमटली नाही, तर मागणी तेथवर पोहोचलेलीच नाही. अडथळा अलीकडे आहे.

विद्यार्थ्यांनो, एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा. शाळेचे जाळे तुमच्या एकट्याचे नाही. ते सांभाळणाऱ्यांच्या परवानगीवाचून एकही दार उघडू नका, आणि काम संपताच ते लावून घ्या.

पालकांना एकच विनंती. मुलगा वा मुलगी दोन संध्याकाळी एकाच बिघाडापाशी बसली, तर "वेळ फुकट घालवतेस" असे म्हणू नका. "कोठवर पोहोचलीस?" एवढे विचारा. बिघाड शोधताना हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो. त्याचे उत्तर धीराने शोधण्याची सवय जिला लागली, ती पुढे कोणत्याही बंद दारापुढे खचणार नाही.