लाल पक्ष्याचे दुःख



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांनी आम्हांस विचारले की, हे पाखरांवरचे व्याख्यान आहे काय? तसे नाही. झित्काला-शा या डाकोटा-लाकोटा लोकांच्या भाषेतील नावाचा अर्थ लाल पक्षी. हे नाव एका तरुणीने स्वतःच घेतले. शाळेच्या दप्तरी तिचे नाव गर्ट्रूड सिमन्स असे होते. १८७६ साली अमेरिकेच्या मध्यभागी, मिसूरी नदीच्या काठच्या यांक्टन राखीव प्रदेशात तिचा जन्म झाला. आपण ज्यांना सरसकट रेड इंडियन म्हणून मोकळे होतो, त्यांतल्या सू राष्ट्रापैकी हे यांक्टन लोक.

तिचे पहिले आठ वर्षांचे आयुष्य ज्यात गेले ते जग आधी पाहू. टेकड्यांच्या पायथ्याशी कापडाचा तंबू, तेथून नदीकडे उतरणारी पाऊलवाट, सकाळ-संध्याकाळ पाणी आणणारी आई. मुलीने आईजवळ बसून चामड्यावर मणी ओवावेत, मन भरले की माळरानावर जाऊन आपल्याच सावलीचा पाठलाग करावा. एका मृत माणसाच्या थडग्यावर वाढलेल्या आलुबुखाऱ्याच्या झुडपाचे फळ तोडावयाचे नाही, हे तिला लहानपणीच शिकविलेले. संध्याकाळी आई शेजारच्या वृद्धांना जेवावयास बोलावी, आणि जेवणे झाली की गोष्टी सुरू होत. आईच्या मांडीवर डोके ठेवून, वर चांदण्यांकडे पाहत ती इक्तोमीच्या कथा ऐके. इक्तोमी म्हणजे कोळी. धूर्त, खादाड, दुसऱ्याला फसविताना स्वतःच फसणारा. आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्याचा तो दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही.

१८८४ साली पूर्वेकडून मिशनरी आले. तिकडे लाल सफरचंदांच्या बागा आहेत आणि तेथे आगगाडीत बसून जावयाचे, एवढे आमिष आठ वर्षांच्या पोरीला पुरे झाले. आईचे मन घेत नव्हते. पण गोऱ्यांनी आमची जमीन घेतली, त्या ऋणाची थोडी फेड शिक्षणाच्या रूपाने होत असेल तर होऊ द्यावी, असा विचार करून तिने मुलीला जाऊ दिले. इंडियाना राज्यातील वाबॅश गावची क्वेकरपंथी लोकांची ती निवासी शाळा होती.

तेथे पोचताच केस कापण्याचा प्रसंग आला. तिच्या लोकांत केस आखूड करीत ते सुतकात असलेले, आणि शत्रूच्या हाती सापडलेल्या भित्र्या योद्ध्याचे केस शत्रू कापी. मुलगी पलंगाखाली लपली. तिला ओढून काढले, खुर्चीला बांधले आणि वेण्या उतरविल्या. बळजबरीने केस उतरविणे म्हणजे काय, हे आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नव्हती. फरक एवढाच की तेथे मेलेले कोणी नव्हते. आई जिवंत होती आणि मुलगीही जिवंत होती. सुतक मात्र लागले होते, आणि त्यावर रडावयाची सोय नव्हती. आमच्या मते या बाईच्या साऱ्या लेखनाचे मूळ येथे आहे.

तीन वर्षांनी ती घरी आली तेव्हा ना इकडची राहिली होती ना तिकडची. पुन्हा शाळेत गेली, पुढे अर्लहॅम कॉलेजात शिकली. १८९६ साली राज्याच्या वक्तृत्वस्पर्धेत तिने दुसरे पारितोषिक मिळविले. त्याच सभागृहात विरुद्ध पक्षाच्या विद्यार्थ्यांनी तिच्या जातीची टवाळी करणारे निशाण फडकविले होते. नंतर पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथील इंडियन शाळेत ती शिक्षिका झाली. त्या शाळेने तिला एकदा पश्चिमेकडे पाठविले, कशाला, तर नवी मुले गोळा करावयाला! ज्या हाताने आपल्याला उचलून नेले, तोच हात आता आपला झाला, हे तिला त्या प्रवासात उमगले असले पाहिजे. आईचे घर मोडकळीस आलेले तिने पाहिले, आणि टेकड्यांवर वसलेल्या गोऱ्यांच्या घरांचे दिवेही. थोड्याच काळात तिने ती नोकरी सोडली.

१९०० सालच्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात तिच्या आठवणी आल्या. वय अवघे चोवीस. स्वतःला तिने मुळापासून उपटलेल्या, फांद्या छाटलेल्या कोवळ्या झाडाची उपमा दिली आहे. कार्लाइलच्या पत्रांनी तिला कृतघ्न ठरविले. उपकाराचा हिशेब उपकार करणाऱ्यानेच ठेवला म्हणजे असेच होते.

परंतु आठवणी लिहून तिचे भागले नाही, आणि येथेच आम्हांला ती मोठी वाटते. लगेच १९०१ मध्ये बोस्टनहून तिचे ‘ओल्ड इंडियन लेजंड्स’ हे पुस्तक निघाले. त्यात चौदा कथा, आणि चित्रे एंजल डी कोरा या हो-चंक चित्रकर्तीची. शाळेने तोंडातून काढून घेतलेल्या गोष्टी तिने शाळेच्याच भाषेत पुन्हा सांगितल्या. त्यांतली बेडकीची गोष्ट पाहा. एक बेडकी माणसाचे तान्हे पोर पळवून आपल्या घरी वाढविते. त्याला रिझविण्यासाठी ती माणसांच्या बायकांसारखा सूर लावते, हरिणाच्या चामड्याची, लाल घोंगडीची नावे घेते. तिला ठाऊक नसते की डाकोटा लोकांच्या विलापात जी नावे येतात ती गमावलेल्या प्रिय माणसांची असतात. ती ज्याला अंगाई समजते ते असते रुदन! वाबॅशच्या शाळेवर यापेक्षा नेमके कोणी लिहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि शाळेचे नावही त्यात नाही.

दुसरी कथा इया या राक्षसाची. माळावर सापडलेले गोजिरवाणे मूल एक टोळी घरी आणते. रात्री सारे निजले असता त्या मुलाच्या उघड्या तोंडातून दुरून यावा तसा माणसांचा कोलाहल ऐकू येतो. गावेच्या गावे त्याच्या पोटात असतात. हे ऐकू येते ते एका जाग्या असलेल्या तरुणीलाच.

या कथा कोणी पुराणवस्तू म्हणून संग्रहालयात ठेवाव्यात अशा तिने सांगितलेल्या नाहीत. माळरान, दलदल, बदके, कासव, ससा हे सारे तिच्या बालपणाच्या वाटेवरचे शेजारी. निसर्गात जाऊन मन शांत होते असे आपण सहज बोलतो. तिच्या बाबतीत तो निसर्गच हिरावलेला होता. बोस्टनच्या खोलीत बसून, व्हायोलिनचे शिक्षण घेत असताना, तिला तो शब्दाशब्दाने परत मिळवावा लागला.

पुढील आयुष्य सार्वजनिक कार्यात गेले. १९०२ साली विवाह, १९१३ साली विल्यम हॅन्सन यांच्यासह ‘सन डान्स’ ही संगीतिका, १९२६ साली अमेरिकन इंडियनांच्या राष्ट्रीय परिषदेची स्थापना, १९३८ साली निधन. २०२४ साली अमेरिकन सरकारने आपल्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिची आकृती कोरली. अंगावर यांक्टन पोशाख, हातात पुस्तक, आणि जवळ एक लाल पक्षी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अशा निवासी शाळांबद्दल त्या देशाच्या अध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली. सरकारच्या स्वतःच्या चौकशीत, या शाळांतून मेलेल्या मुलांची निदान ९७३ एवढी मोजदाद तोपर्यंत झाली होती.