पिल्लांचे पाय: पहिले दोन-तीन दिवस हातचे घालवू नका

गेल्या आठवड्यात एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. घरच्या खुडूक कोंबडीखाली काढलेली गावरान पिल्लं, वय बारा दिवस. त्यातल्या दोघांची बोटं मुठीसारखी आत वळलीत आणि ती पायावर उभी न राहता घोट्यांवर बसून पुढे सरकतात. ताई विचारत होत्या, "दादा, राणीखेत तर नाही ना?" बाकी सगळी पिल्लं ठणठणीत, या दोघांची भूकही चांगली, म्हणजे राणीखेतीचं लक्षण काही दिसत नव्हतं. त्यांच्याकडे येतो, पण त्याआधी माझी चूक सांगतो. ती बहुतेक सगळेच करतात.

मी पहिल्यांदा पंचवीस पिल्लं आणली तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात छान वर्तमानपत्र अंथरलं. स्वच्छ दिसतं, रोज बदलता येतं. तिसऱ्या दिवशी बघतो तर एका पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले, पोट जमिनीला टेकलेलं. ज्यांच्याकडून आणली त्यांना फोन केला. ते म्हणाले, "राहू द्या, उभं राहील आपोआप." मी राहू दिलं. ते काही उभं राहिलं नाही. बाकीची त्याच्या अंगावरून पळायची, पाण्यापर्यंत ते पोचायचं नाही. नवव्या दिवशी सकाळी मेलेलं मिळालं.

कारण अगदी साधं होतं. कागद गुळगुळीत, त्यावर पाय निसटतो. एक-दोन दिवसांच्या पिल्लाच्या मांडीत पाय आवरून धरण्याची ताकद नसते. निसटत निसटत पाय बाहेरच वळतो आणि तसाच आखडतो. पण त्याच वयात हाडं-सांधे कोवळे असतात, म्हणून लगेच पकडलं तर सरळही पटकन होतो. एक पट्टी घ्या, जखमेला लावतो ती. लांबीत मधोमध चिरून अरुंद करा. मधली गादी दोन पायांच्या मध्ये येईल अशी ठेवून टोकं दोन्ही पायांना गुंडाळा, घोट्याच्या खाली. घट्ट नाही हं, पाय सुजता कामा नये. दोन पायांत अंतर दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे पिल्लू नीट उभं असताना जेवढं असतं तेवढं. पहिला तासभर ते कोलमडेल, चिडेल, ओरडेल. घाबरू नका. पाणी उथळ झाकणात द्या आणि त्यात चार खडे टाका, नाहीतर पडून बुडेल. रोज पट्टी सोडून बघायची. तीन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं चालायला लागतात.

आणि खाली? भाताचं तूस. आमच्याकडे कोकणात गिरणीवर सहज मिळतं. पहिले दोन दिवस पिल्लं तूसच खायला बघतात, तेव्हा त्यावर गोणपाट. इथे मी दुसरी चूक केली. गोणपाट कापून तसंच घातलं. त्याच्या कडेचा धागा एका पिल्लाच्या बोटात असा काही गुंतला की मला दिसेपर्यंत बोट काळं पडलं होतं. ते पुढे वाळून गळलं. पिल्लू जगलं, आजही आहे, तीन बोटांची कोंबडी म्हणून घरात सगळे ओळखतात. तेव्हा गोणपाटाच्या कडा दुमडून शिवून घ्या. केसांचंही तसंच, घरातला केर खुराड्याकडे लोटू नका.

आता बोटं. अंड्यातून निघतानाच एखादं बोट वाकडं असेल आणि पिल्लू तळव्यावर नीट चालत असेल, तर फार चिंता नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत पत्र्याला पत्रा म्हणतात तसा जोडा घालता येतो. माझा जोडा लग्नपत्रिकेचा असतो! जाड कागद हवा, आणि पत्रिका कुणाच्या घरी नसतात? पायाएवढा तुकडा कापायचा, तीन बोटं पुढे, एक मागे, नैसर्गिक पसरतात तशी ठेवून वरून मायक्रोपोर टेप. दोन-तीन दिवस पुरे.

ताईंच्या पिल्लांचं मात्र वेगळं. जन्मताना बोटं सरळ, मग दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पायांची आत वळायला लागली. मी विचारलं, खायला काय देता? "तांदळाच्या कण्या आणि मक्याचा भरडा." तिथेच उत्तर होतं. कण्या-मक्यात ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, फारच कमी. ते कमी पडलं की पायाच्या नसांवर परिणाम होतो. इथे जोडा घालून काही होत नाही, नुसती बोटं बांधली जातात. पिल्लांचं तयार खाद्य, स्टार्टर, सुरू करा आणि ब-२ असलेलं औषध पाण्यातून द्या. मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. बाटली वाचून घ्या मात्र. कोंबड्यांच्या काही टॉनिकांत अ, ड, ई आणि ब-१२ असतं, ब-२ नसतंच. शिवाय उजेडात ते खराब होतं, म्हणून भांडं उन्हात नको, पाणी रोज ताजं. उशीर झाला तर नस परत सुधारत नाही.

नखांना चिकटलेल्या विष्ठेच्या गोळ्या ओढू नका, नख निघून येतं. कोमट पाण्यात पाय बुडवून भिजवा. रक्त आलंच तर हळद दाबा आणि पिल्लू वेगळं ठेवा, लाल दिसलं की बाकीची टोचतात.

दोन गोष्टी मात्र घरी बऱ्या होत नाहीत. घोटा सुजून पाय बाजूला पिळला गेला, तर शीर जागेवरून सरकलेली असते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि थोडं मोठं झालेलं पिल्लू एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलं तर मरेक्सचा संशय घ्या. त्यावर औषध नाही. लस एक दिवसाच्या वयात देतात, त्यामुळे पिल्लं विकत घेताना विचारा.

शेजारचे काका मला पट्टी बांधताना बघून हसतात. "अरे, शेवटी रश्श्यातच जाणार ना?" जाईल ना. मी काही साधू नाही. पण तोवर त्याला पाण्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता आलं पाहिजे. नवव्या दिवशीचं ते पिल्लू मला अजून आठवतं.

ताईंचा काल परत मेसेज आला. एकाची बोटं उघडलीत, ते बाकीच्यांबरोबर पळतंय. दुसऱ्याची अजून तशीच आहेत, त्याला त्यांनी वेगळ्या डालग्यात ठेवलंय, खाणंपाणी जवळ.