टाकी वजन करूनच घ्या



गॅसची टाकी लवकर संपली, की घरात पहिला बोल बाईलाच लागतो: 'जपून वापरत नाहीस.' पण टाकी आली तेव्हाच हलकी असेल तर?

ही चोरी का होते, ते आधी बघू. जालन्याहून रेल्वेने मुंबईकडे निघालं की वाटेत मनमाड लागतं. त्याच्या जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे इंधनातली भेसळ पकडली. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं.

यामागे पैसा कुठला होता? दोन दरांमधला. रेशनचं रॉकेल सरकार स्वस्तात देई, डिझेल त्याच्या कितीतरी महाग. रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की लिटरमागे तेवढा फरक चोराच्या खिशात. डिझेल जितकं महाग, तितकी चोरी फायद्याची. आणि जे रॉकेल असं पळवलं जाई, ते आपल्या स्टोव्हच्या वाट्याचं होतं.

आता घरोघरी गॅस आला, पण दोन दर आहेतच. घरगुती टाकीवर ५ टक्के जीएसटी, हॉटेलच्या टाकीवर १८ टक्के. तो गॅस किलोमागेही महाग पडतो. म्हणून घरगुती टाकीतला किलो-दोन किलो गॅस काढून विकणारे निघतात. नळीने असा गॅस काढताना भडका उडून जीवही जातो.

मग आपण काय करायचं? घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. ते १५.८ किलो असेल, तर भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. आणणाऱ्याकडे काटा मागा. तो मागणं आपला हक्क आहे. सील तुटलेलं दिसलं किंवा वजन कमी भरलं, तर टाकी परत करा आणि १८००-२३३-३५५५ या मोफत नंबरवर तक्रार करा. मोबाईलवर आलेला कोड टाकी हातात पडल्याशिवाय कुणाला सांगू नका. नाहीतर तुमच्या नावावरची टाकी दुसरीकडे जायची.

एकटीने काटा मागायला संकोच वाटतो. म्हणून बचत गटाने मिळून एक काटा घ्यावा, आणि गल्लीत गाडी आली की दोघी-तिघींनी सोबत उभं राहावं. गॅसचा दर वाढेल तेव्हा तर हे नक्की करा, कारण चोराचा फायदाही त्याच दिवशी वाढलेला असतो.