परदेशी जाताना डिझाइनचा कॉम्प्युटर
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पूर्वी आपल्या कोकणातला मुलगा आखातात निघाला की घरची मंडळी त्याच्या पेटीत लोणचे नि सुकी मासळी भरत. आता आपली मुलेमुली ड्राफ्ट्समन, आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर म्हणून जाऊ लागली आहेत आणि त्या पेटीत दीड-दोन लाखांचा लॅपटॉप येऊन बसला आहे. आनंदाचीच गोष्ट. परंतु दीड-दोन लाख रुपये आपल्या घरांत कसे उभे राहतात हे मला ठाऊक आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. त्याची दुबईत नोकरी ठरली. निघण्याच्या आठवड्यात त्याने ॲपलचा मोठा लॅपटॉप घेतला. त्यासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. तिकडे पोहोचल्यावर कळले की, कचेरीचे काम रेव्हिटवर चालते आणि रेव्हिट हे विंडोजसाठीच बनवलेले आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कचेरीने त्याच्या टेबलावर स्वतःचा कॉम्प्युटर ठेवलाच होता. बाहेरचा आणून जोडायला परवानगी नव्हती. आई मला म्हणाली, "सर, पोराने तुम्हांला तरी विचारायचे होते." खरे सांगतो, त्याने विचारले असते तरी त्या वेळी मला यातले काही कळत नव्हते. नंतर मी माहिती करून घेतली.

तेव्हा पहिले काम दुकानात जाण्याचे नाही, पत्र लिहिण्याचे. नोकरीला जात असाल तर मालकाला विचारा, कॉम्प्युटर तुम्ही देणार की मी आणायचा? शिकायला जात असाल तर कॉलेजकडून दोन गोष्टी मागवा: कोणते प्रोग्राम शिकवणार आणि त्यांना कसले यंत्र लागते. ऑटोकॅड ॲपलवरही मिळते. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, सॉलिडवर्क्स यांना विंडोज हवे.

यादी हाती आली की मग यंत्र. इथे दुकानदार आपल्याला आकड्यांनी दिपवतो. 'सोळा कोअरचा प्रोसेसर' म्हणतो. नकाशा काढताना, मॉडेल उभे करताना ऑटोकॅड आणि रेव्हिट बरेचसे काम एकाच कोअरवर करतात. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. रेंडरिंग करताना मात्र सगळे कोअर राबतात. मेमरी सोळा जीबीपेक्षा कमी घेऊ नका, जमल्यास बत्तीस. आणि ती पुढे वाढवता येते का हे विचारून घ्या, कारण कित्येक पातळ लॅपटॉपांत ती बोर्डालाच डाख दिलेली असते. ग्राफिक्स कार्डांत दोन जाती आहेत. वर्कस्टेशनच्या कार्डाची चाचणी घेऊन प्रोग्राम बनवणारी कंपनी त्याला प्रमाणपत्र देते, म्हणून ते महाग. खेळांसाठी बनवलेले कार्ड स्वस्त, आणि विद्यार्थ्याचे बहुतेक काम त्यावर निभावते. माझ्या मते शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी महागड्या कार्डाच्या मागे लागू नये.

आता कुठे घ्यावा? किंमत इकडची-तिकडची ताडून पाहा, पण त्याआधी हमीपत्र वाचा. काही हमी विकत घेतलेल्या देशापुरत्याच असतात. मग बिघडलेले यंत्र मुंबईला पाठवायचे कोणी? तिकडे घ्यायचे तर कीबोर्ड पाहून घ्या; जर्मनीत झेड आणि वाय यांच्या जागा उलट असतात.

विजेची धास्ती फारशी नको. लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४०' व्होल्ट छापलेले असले की तो दुबईतही चालतो आणि अमेरिकेतल्या १२० व्होल्टवरही. दुबईला चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, जर्मनीत गोल दोन पिनांचा. एवढे अडॅप्टर घेतले की झाले. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही.

किमती वस्तू इथून नेत असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना तिच्यावर जकात मागत नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला येताना एक लॅपटॉप तसाही माफ आहे; पण डेस्कटॉप, मोठा मॉनिटर त्यात धरत नाहीत.

आणखी एक, थोडे कडवट. दुकानदार चोरीचे प्रोग्राम 'फुकट' भरून देतो आणि आपण खूश होतो. ती चोरीच आहे. परदेशी कचेरीत ती उघडकीस आली तर नोकरीवर बेतते. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना ऑटोकॅड नि रेव्हिट एकेक वर्षासाठी विनामूल्य देते, शिक्षण चालू असेतो पुन्हा नूतनीकरण होते. मग चोरीची गरजच काय?

तो विद्यार्थी अजून दुबईतच आहे. लॅपटॉप त्याने तोट्यात विकला; बांगड्या सोडवायला दीड वर्ष लागले.

ज्यांच्या घरातून यंदा कोणी निघणार आहे त्यांनी कॉलेजचे किंवा मालकाचे पत्र घेऊन रविवारी सकाळी शाळेत यावे. इंग्रजी अडले तर आपण बसून वाचू. खुदा हाफिज.