जपानहून येताना

प्रवासाहून परतलेल्या माणसाचे घरात स्वागत होते, कुशल विचारले जाते, हातपाय धुवायला पाणी दिले जाते; पण मुलांची दृष्टी या सर्व वेळ त्याच्या पिशवीवर खिळलेली असते. या अपेक्षेला मराठीने ‘खाऊ’ असे साधे नाव देऊन ठेवले आहे. काशीहून येणारा गंगेचा गडू आणि काळे गंडे आणी, पंढरपूरहून येणारा चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ. वस्तू अल्प मोलाच्या. परंतु ज्याला घर सोडून जाता आले नाही त्याच्या हातावर त्या पडल्या म्हणजे यात्रेचा काही अंश आपल्याही वाट्याला आला, असे त्याला वाटे.

जपानला गेलेल्या मराठी माणसाने परतीच्या खरेदीला निघण्यापूर्वी ही आठवण मनात जागी करावी. कारण नेमकी हीच भावना तिथल्या लोकांनी शतकानुशतके जोपासली, तिला रीतीचे आणि पुढे मोठ्या व्यापाराचे रूप दिले. त्या रीतीचे नाव ओमियागे. हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘त्या मातीत निपजलेले’ असा होतो. आपण पाहिलेल्या स्थळाची आठवण म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवावयाची वस्तू निराळी. ओमियागे ही दुसऱ्यासाठीच आणावयाची असते.

या रीतीची मुळे यात्रेत आहेत. इसे येथे आमातेरासू या सूर्यदेवतेचे मंदिर आहे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात तिथली यात्रा म्हणजे सामान्य जपानी माणसाच्या आयुष्यातली परमावधी होती. १७०५, १७७१ आणि १८३० या साली तर यात्रेकरूंची गणना लाखांनी झाली. पण शेतकऱ्याला स्वतःच्या खर्चाने इतके लांब जाणे परवडत नसे. म्हणून गावोगावी, आपल्याकडच्या भिशीसारखी, मंडळे असत. सर्वांनी थोडेथोडे साठवावे, चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्याचे नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने दर्शन घेऊन यावे. निघताना शेजारीपाजारी त्याच्या हातावर निरोपाचे पैसे ठेवीत. असा माणूस रिकाम्या हाताने परतणार कसा? ज्यांच्या पैशावर तो गेला त्यांना मंदिराचा अंगारा नव्हे, पण तिथला मंत्रपट्ट, पंचांग, पंखा असे काही तरी द्यावेच लागे. ही भेट नव्हती. ते देणे होते.

मराठी घरातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. घरातला एक मुलगा परदेशी जातो तेव्हा त्याच्यामागे थोरल्या भावाने काढलेले कर्ज असते, आईने मोडलेली पाटली असते, आणि ‘जाऊन ये, आम्ही आहोत’ असे म्हणून मागे राहिलेली बहीण असते. खरेदीची यादी करताना प्रथम ही नावे यावीत. प्रत्यक्षात यादी उलट्या टोकाने सुरू होते. कार्यालयातले वरिष्ठ, व्याही, सोसायटीचे चिटणीस यांच्या वस्तू आधी घेतल्या जातात, आणि आईसाठी काय घ्यावे हा प्रश्न विमानतळावरच्या शेवटच्या अर्ध्या तासावर जाऊन पडतो.

इसेच्या यात्रेकरूला सर्व वाट पायी तुडवायची असल्यामुळे त्याच्या वस्तू हलक्या असत. खाण्याच्या जिनसा आणणे त्याला शक्य नव्हते. इसेचा आकाफुकू हा पदार्थ १७०७ पासून प्रसिद्ध आहे. तांदळाच्या मऊ लगद्यावर लाल कडधान्याचे गोड सारण असते, आणि त्यावर बोटांनी उमटवलेल्या रेघा तिथल्या इसुझू नदीचा प्रवाह दाखवतात. पण तो दोन-तीन दिवसांतच खावा लागतो. १८८९ साली तोक्यो आणि कोबे यांना जोडणारा रेल्वेमार्ग पुरा झाला, प्रवासाचे दिवस तासांवर आले, आणि ओमियागे हळूहळू खाद्यपदार्थांकडे वळली. आज जपानी स्थानकांवर मिठाईच्या खोक्यांचे ढीग दिसतात ते या बदलाचे फळ होय. क्योतोची दालचिनीच्या वासाची यात्सुहाशी, हिरोशिमाजवळच्या मियाजिमाचे मेपलच्या पानाच्या आकाराचे मान्जू, १९७६ साली निघालेले होक्काइदोचे ‘शिरोई कोइबितो’ हे बिस्किट अशी प्रत्येक प्रांताची आपापली ओळख ठरलेली आहे. खोक्यातला प्रत्येक नग बहुधा स्वतंत्र वेष्टनात असतो. कारण कचेरीत परतल्यावर प्रत्येकाच्या मेजावर एकेक ठेवायचा असतो. नगांची संख्या वेष्टनावरच छापलेली असते. देण्याचा इतका बारकाईने विचार केलेले दुसरे खोके क्वचितच पाहायला मिळेल. कार्यालयातल्या मंडळींचा प्रश्न अशा एकाच खोक्याने सुटतो, आणि तो तसाच सोडवावा. खरी निवड उरते ती घरच्यांची.

शाकाहारी घरासाठी खाद्यवस्तू घेताना मात्र सावध राहिले पाहिजे. तिखटमिठाच्या जपानी पदार्थांत माशाचा अर्क कोठे लपला असेल याचा नेम नाही, आणि मऊ गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. सर्वांत निर्धास्त जिन्नस म्हणजे योकान. आझुकी नावाचे लाल कडधान्य, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेले कान्तेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास, यांची ती वडी असते. आझुकी मूग-चवळीच्याच कुळातली. पुरणावर वाढलेल्या जिभेला ही वडी परकी वाटत नाही; आणि न उघडलेली योकान कित्येक महिने टिकते, त्यामुळे दिवाळीपर्यंत जपून ठेवण्याची गृहिणीची हौसही भागते. नागासाकीचा कास्तेरा हा केक गोव्याच्या माणसाने अवश्य आणावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबते गोव्याहून मलाक्का आणि मकाव या वाटेने नागासाकीला जात, त्यांच्याबरोबर तो तिथे पोचला. ज्या पोर्तुगीज शब्दाचा मराठीत ‘पाव’ झाला त्याचाच जपानीत ‘पान’ झाला आहे. कास्तेरात अंडी असतात, एवढे देताना सांगावे.

हिरव्या चहाविषयी थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. तो हौसेने आणला जातो आणि मराठी घरात बहुधा वाया जातो. सवयीप्रमाणे तो आधणात टाकून उकळला, वर दूध-साखर घातली, की कडू काढा होतो. मग तो सुबक डबा वर्षानुवर्षे फडताळात बसून राहतो. पाणी उकळून थोडे निवू द्यावे, पाने त्यात एखादे मिनिट ठेवून गाळून घ्यावीत, ही कृती कागदावर लिहून डब्यासोबत दिली तरच तो द्यावा.

चिनी मातीच्या वस्तू पाहताना एक अडचण उभी राहते. आपल्याकडे पेले, बशा, वाट्या सहांच्या हिशेबाने येतात. जपानी संच पाचांचा असतो. ‘चार’ या संख्येचा तिथला उच्चार ‘मृत्यू’ या शब्दासारखा होतो म्हणून चार टाळतात, आणि विषम संख्या शुभ मानतात. लग्नाच्या आहेरातही ते विषम आकड्याची रक्कम घालतात, जसे आपण एकावन्न किंवा एकशे एक घालतो. पाच पेले घरी आले की सहावा फुटला काय, अशी शंका घेतली जाते. ती घेतली जाण्यापूर्वीच हा खुलासा करावा. मग ते पाच पेले सहांपेक्षा अधिक मोलाचे ठरतात.

विजेच्या वस्तूंचा मोह मात्र आवरावा. १९६० च्या सुमारास जपानहून येणाऱ्याकडे ट्रान्झिस्टर, कॅमेरा आणि नायलॉनची साडी यांची मागणी असे, आणि ती रास्तही होती. तशा वस्तू इथे दुर्मिळ होत्या. आता त्या आपल्याच शहरातल्या दुकानात मांडलेल्या असतात. शिवाय जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची. तिथल्या घरासाठी केलेले भात शिजवण्याचे यंत्र इथे तसेच लावले तर पहिल्याच दिवशी जळून जाते. प्रवाशांच्या दुकानांतल्या पुष्कळशा शोभेच्या वस्तू जपानात झालेल्याच नसतात, हेही ध्यानात ठेवावे. वस्तू उलटी करून तळाचा शिक्का पाहण्यात संकोच मानू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी जपानने जणू मुद्दाम करून ठेवलेल्या काही वस्तू आहेत. तेनुगुई हे सुती कापड सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असते. त्याची टोके न दुमडता तशीच सोडलेली असतात, म्हणून ते लवकर वाळते. आजोबांना ते पाहताच पंचाची आठवण येईल, आणि ते वापरलेही जाईल. फुरोशिकी म्हणजे वस्तू बांधून नेण्याचे चौकोनी वस्त्र. पेशवे दफ्तराचे कागद जिथे रुमालांत बांधले जात, तिथल्या माणसाला त्याचा उपयोग शिकवावा लागत नाही. त्यात पोथी बांधावी, पूजेचे साहित्य बांधावे, किंवा इतर भेटी त्यातच गुंडाळून आणाव्यात. म्हणजे वेष्टनही वाया जात नाही.

आईसाठी उदबत्ती घ्यावी. जपानी उदबत्तीला आत बांबूची काडी नसते. ती सबंध सुगंधी द्रव्याचीच असते, धूर कमी देते आणि तिचा वास दबक्या पावलांनी खोलीत फिरतो. कोबेजवळचे आवाजी बेट या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या चंदनाच्या उदबत्तीचा वास परका वाटत नाही, कारण जपानी सुगंधाच्या परंपरेत उत्तम चंदन ते भारतातलेच मानले गेले आहे. घरात गाणारी बहीण असेल तर तिच्यासाठी बेन्झाइतेनची छोटी मूर्ती शोधावी. भाग्याच्या सात जपानी देवतांपैकी ही एक. तिच्या हाती तंतुवाद्य असते, आणि ती मूळची आपली सरस्वतीच आहे. तिच्याच पंक्तीला तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला दाइकोकुतेन मूळचा महाकाल. पण त्याच्या मुखावरचे हसू पाहून ते कोणाच्या ध्यानात येईल असे नाही!

लहान मुलींसाठी कोकेशी. ईशान्य जपानमधल्या तोहोकू प्रांतात उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, स्नानाला येणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी चरकावर लाकूड उतरवणाऱ्या कारागिरांनी या बाहुल्या करायला आरंभ केला. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोके, सरळ धड आणि चार-दोन रेषांत उतरलेला चेहरा. नारुको गावच्या कोकेशीचे डोके फिरवले की ती बारीक आवाज करते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर वाढलेल्या घरात तिला लगेच सोबत मिळते. पारंपरिक कोकेशीच्या तळाशी तिच्या कारागिराचे नाव अनेकदा लिहिलेले असते. तशी मिळाली तर चार पैसे अधिक द्यावेत.

मंदिरांतून मिळणाऱ्या रेशमी पिशवीतल्या ताइताविषयी मात्र जपून राहावे. तो शोभेचा नव्हे. तो उघडून पाहायचा नसतो, आणि वर्ष झाले की मंदिराला परत करण्याची तिथे चाल आहे. ज्याची श्रद्धा असेल आणि ज्याला हे सांगता येईल त्यालाच तो द्यावा. किल्लीच्या जुडग्याला लटकवण्यासाठी घाऊक घेऊ नये.

आणि शेवटी परीक्षेला बसलेला धाकटा भाऊ. त्याच्यासाठी ताकासाकी गावची दारुमा बाहुली. लाल, गोल, कागदाच्या लगद्याची. तळ जड असल्यामुळे कितीही लोटली तरी पुन्हा उभी राहणारी. हा दारुमा म्हणजे बोधिधर्म. परंपरा त्यांना दक्षिण भारतातून चीनला गेलेले आचार्य मानते. बाहुलीचे दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प करताना एक रंगवायचा आणि तो सिद्धीस गेला की दुसरा. देणाऱ्याने उत्साहाच्या भरात स्वतः काही रंगवू नये. पहिला डोळा ज्याचा संकल्प त्यानेच काळ्या शाईने भरायचा, बाहुलीचा डावा, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचा. मग निकाल लागेपर्यंत ती अभ्यासाच्या मेजावर बसून एका डोळ्याने पुस्तकाकडे पाहत राहते.