उघड्या दारांची शाळा : औंडलचे मुख्याध्यापक सँडरसन



सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. किती निधी जमला, किती खोल्या बांधल्या, किती विद्यार्थी शिकून बाहेर पडले, हे सारे अहवालात येते. परंतु शाळा चालविणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेपुढे एक प्रश्न असा असतो की ज्याचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही. शाळा कोणाच्या हाती सोपवावी, आणि एकदा सोपविल्यावर किती काळ धीर धरावा? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील एका व्यापारी संघाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दिले. त्याची कथा व्यापारी समाजाने ऐकण्यासारखी आहे.

लंडनमध्ये मध्ययुगापासून निरनिराळ्या व्यापारांचे संघ आहेत. त्यांपैकी ‘ग्रोसर्स कंपनी’ हा मिरी-मसाल्याचा ठोक व्यापार करणाऱ्यांचा संघ 1345 साली संघटित झाला. त्या काळी युरोपात मिरी पोहोचत असे ती बहुतांशी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून. या संघाचे एक सदस्य आणि लंडनचे लॉर्ड मेयर सर विल्यम लॅक्स्टन यांनी 1556 साली मृत्युपत्राद्वारे आपल्या जन्मगावी, म्हणजे नॉर्थॅम्प्टनशायरमधील औंडल येथे, शाळेची व्यवस्था लावली आणि तिचा भार ग्रोसर्स कंपनीवर सोपविला. एका व्यापाऱ्याने मृत्युपत्रात लिहिलेला शब्द त्याच्या व्यवसायबंधूंनी शतकानुशतके पाळला.

तथापि पाळलेला शब्द म्हणजे भरभराट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शाळा खालावली होती. 1892 साली पटावरील संख्या शंभराच्या आत आली होती. अशा वेळी कंपनीने पस्तिशीतील एका शिक्षकास मुख्याध्यापक नेमले. त्यांचे नाव फ्रेडरिक विल्यम सँडरसन.

या नेमणुकीतील धाडस कळण्यासाठी त्या काळच्या इंग्रजी शिक्षणाची स्थिती पाहावी लागेल. तेथील नामांकित निवासी शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणत. नाव सार्वजनिक असले तरी त्या सधनांच्याच होत्या. लॅटिन आणि ग्रीक या भाषा म्हणजेच शिक्षण, अशी तेथे धारणा होती. प्रमुख नऊ शाळांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने 1864 साली निष्कर्ष काढला, की या शाळांतून विज्ञान जवळजवळ हद्दपारच आहे. ज्या देशात वाफेचे इंजिन आणि रेल्वे जन्मली, त्या देशाच्या उच्च वर्गातील मुले हातात हातोडा न धरता मोठी होत होती. मुख्याध्यापकही बहुधा धर्मोपदेशक आणि अभिजात भाषांचे पंडित असत.

सँडरसन या परंपरेतील नव्हते. 1857 साली डरहॅम परगण्यात एका सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते कोणत्याही पब्लिक स्कूलमध्ये शिकले नव्हते. डरहॅम आणि केंब्रिज येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. 1885 पासून लंडनच्या डलिच कॉलेजात ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवीत आणि तेथे त्यांनी अभियांत्रिकीची शाखाही सुरू केली होती.

औंडलमध्ये त्यांचे स्वागत झाले नाही. जुन्या वळणाचे शिक्षक नाराज होते. मुलांनाही हा नवा माणूस परका वाटे. पहिली अनेक वर्षे विरोध आणि मनस्ताप यांतच गेली. त्यातच सँडरसन यांचा स्वभाव तापट होता. दोन-चार हंगाम खरेदी बुडाली की पेढी मुनीम बदलते, ही बाजाराची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ग्रोसर्स कंपनीने मुख्याध्यापक बदलला नाही. सँडरसन त्या पदावर तीस वर्षे राहिले, आणि त्यांच्या अखेरच्या काळात पटसंख्या पाचशेच्या घरात गेली.

त्या तीस वर्षांत त्यांनी केले काय? प्रथम त्यांनी प्रयोगशाळा वाढविल्या. त्यांच्या जोडीला कार्यशाळा उभारल्या. सुतारकाम, धातुकाम, लोहारभट्टी, ओतकाम यांची तेथे सोय होती आणि यंत्रे खेळण्यातली नव्हती, कारखान्यात चालतात तशी होती. प्रत्येक विद्यार्थी दर सत्रात एक आठवडा वर्ग सोडून केवळ कार्यशाळेत काम करी. तेथे जे बनवायचे ते उपयोगाचे, पुरे आणि नेमके असले पाहिजे, हा दंडक होता. पुढे पहिल्या महायुद्धात या कार्यशाळांतून युद्धसामग्रीचे भागही तयार झाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. चढाओढीपेक्षा सहकार्य श्रेष्ठ, असे सँडरसन मानीत. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरविण्यासाठी शाळा नाही. एकेकट्याने धडा पाठ करण्याऐवजी मुलांच्या तुकड्या करून त्यांना एकेक विषय सोपवावा, ग्रंथालयात वा प्रयोगशाळेत शोध घेऊ द्यावा, आणि प्रत्येकाच्या कामातून सर्वांचे काम पुरे व्हावे, ही पद्धत त्यांनी विज्ञानातून इतिहास आणि साहित्यापर्यंत नेली. दरवर्षी भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात मुले स्वतःच प्रयोग मांडीत आणि आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगत. लॅटिनच्या वर्गात मंद ठरलेला मुलगा लेथपाशी उभा राहिला की त्याची मान ताठ होते, हे सँडरसन यांनी पाहिले होते. ज्याला काहीच जमत नाही असा मुलगा नसतो, त्याचे काम अजून सापडलेले नसते, ही त्यांच्या साऱ्या अभ्यासक्रमामागची धारणा होती.

तिसरी गोष्ट कुलपांची. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांची दारे उघडी असावीत, मुलाला जेव्हा ओढ लागेल तेव्हा त्याने तेथे जावे, असा त्यांचा आग्रह होता. साहित्य महाग असते, मोडतोड होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. बंद कपाटात साहित्य सुरक्षित राहते, पण मुलाची जिज्ञासा तेथे सुरक्षित राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

याविषयी त्यांच्या निधनानंतर 1923 साली निघालेल्या स्मृतिग्रंथात एक आठवण आहे. एक मुलगा मध्यरात्रीनंतर निजण्याच्या खोलीतून निसटून ग्रंथालयात वाचत बसे. एके रात्री मुख्याध्यापकांनी त्याला पकडले. आधी संतापाचा कडकडाट झाला. मग त्यांनी विचारले, तू वाचतोस तरी काय? मुलाने सांगितले, की एका विषयाने मनाचा ताबा घेतला आहे आणि दिवसा त्याला वेळ पुरत नाही. सँडरसन यांनी त्याची टिपणे पाहिली आणि शेजारी बसले. पुढे तासभर दोघे धातू शुद्ध करण्याच्या विद्येची वाटचाल बोलत राहिले. शेवटी ते म्हणाले, हे काम चालू राहिलेच पाहिजे, पण तुला झोपही हवी. दिवसाच यासाठी वेळ काढून देऊ. नियम मोडणाऱ्या मुलासाठी वेळापत्रक बदलणारा हा मुख्याध्यापक होता.

महायुद्धाने या शाळेवर दुःखाची मोठी छाया टाकली. अनेक माजी विद्यार्थी रणांगणावर पडले. 1918 साली खुद्द सँडरसन यांचा पुत्र रॉय मारला गेला. जहाजबांधणी उद्योजक सर आल्फ्रेड यारो यांचा पुत्र एरिक हा औंडलचा माजी विद्यार्थी. तोही 1915 साली युद्धात कामी आला होता. त्याच्या स्मरणार्थ यारो यांनी शाळेस एक वास्तू दिली. मानवजातीने ज्ञानाच्या आधारे केलेला प्रवास मुलांना एका दृष्टीत दिसावा, असे दर्शनमंदिर तेथे उभारण्याचे सँडरसन यांचे स्वप्न होते. ते पुरे व्हायचे होते.

15 जून 1922 रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैज्ञानिकांच्या संघटनेपुढे त्यांचे व्याख्यान झाले. अध्यक्षस्थानी सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स होते. वेल्स यांनी आपले दोन्ही पुत्र औंडलला पाठविले होते. विज्ञानाने नव्या युगात समाजाची कोणती सेवा करावी, हा विषय होता. व्याख्यान संपले, प्रश्नोत्तरांना आरंभ होत होता, आणि सँडरसन व्यासपीठावरच कोसळले. त्यांची प्राणज्योत तेथेच मालवली. वेल्स यांनी 1924 साली त्यांचे चरित्र लिहिले. औंडलच्याच एका विद्यार्थ्याने, जोसेफ नीडहॅम यांनी, पुढे जीवरसायनशास्त्रात नाव मिळविले आणि चीनच्या विज्ञानाचा विशाल इतिहास सिद्ध केला. भाषा, इतिहास आणि विज्ञान यांच्या मधली दारे ज्या शाळेत उघडी होती, तेथे असा विद्वान घडावा यात नवल नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. औंडल ही फी भरू शकणाऱ्यांचीच शाळा होती, आणि मुलींना तेथे प्रवेश मिळाला तो 1990 साली. सर्वसामान्य घरातील मुलामुलींपर्यंत विज्ञान पोहोचविण्याचे काम कायद्याने करावे लागले. 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि सरकारी शाळांत पाचव्या ते सोळाव्या वर्षापर्यंत इंग्रजी व गणित यांच्या बरोबरीने विज्ञान हा गाभ्याचा विषय झाला. हे न्यायाचे पाऊल होते.

परंतु कायदा विषय सक्तीचा करू शकतो, ओढ सक्तीची करू शकत नाही. 2016 पासून तेथील सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी नवे अभ्यासक्रम आले. प्रत्येक विज्ञान विषयात किमान आठ प्रयोग करावयाचे असतात. गुण मात्र प्रत्यक्ष प्रयोगाला नसून लेखी प्रश्नांना असतात आणि त्यांचा वाटा किमान पंधरा टक्के आहे. म्हणजे प्रयोग मनापासून करवून घ्यावयाचे की आठ खुणा करून वही मिटावयाची, हे शेवटी शाळेच्या प्रमुखावरच येऊन ठेपते. सँडरसन यांच्या काळी होता तोच प्रश्न आजही तेथे उभा आहे.

सँडरसन यांच्या मृत्यूनंतर ग्रोसर्स कंपनीने जे केले, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. मोठा माणूस गेला की संस्था पुष्कळदा जुन्या वळणावर जाते. कंपनीने विज्ञानाचीच पार्श्वभूमी असलेले केनेथ फिशर यांना नेमले, आणि तेही 1945 पर्यंत त्या पदावर राहिले. 1892 पासून त्रेपन्न वर्षांत मुख्याध्यापक दोनच. विश्वस्तांची कसोटी यापेक्षा निराळी नसते. माणूस पारखून घ्यावा, पारखल्यावर त्याला साधने द्यावीत, वाईट वर्षांत त्याच्या पाठीशी उभे राहावे.

देणगी देणाऱ्याचे नाव दारावरच्या शिळेवर कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या शिळेखालचे दार दिवसातून किती तास उघडे असते, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात असते, आणि गेल्या वर्षभरात किती मुलांच्या हातून काचनळी फुटली, याची चौकशी प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून एकदा तरी करावी. एकही फुटली नसेल, तर ती आनंदाची बातमी समजू नये.